शेटजींचे बेदाणे

उठलास की चहाच्या आधी हे वाच.

शेटजींनी परवापासून गवताच्या काडीला तोंड लावलेलं नाही. काल तू कामावर असताना मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चिंचिलाचंही सशासारखंच, खाणं थांबलं की आतडीही थांबतात, म्हणाल्या. दात ठीक आहेत. मग विचारलं, गोड काय देता? मी म्हटलं, आठवड्याला एक बेदाणा. खरं तर मी रोज दोन द्यायचे, तू घरात नसताना. घरी येऊन पंधरवड्यापूर्वी भरलेली बरणी पाहिली तर निम्म्याच्या खाली. माझ्या दोनांनी ती एवढी उतरली नसती. हल्ली आपण दोघंही फक्त शेटजींशीच बोलतो, म्हणून हे कळायला पंधरा दिवस गेले.

बेदाणे बंद. डॉक्टरीणबाईंनी दिलेली ओट्यावरची पावडर कोमट पाण्यात कालव आणि दर तीन तासांनी बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडी थोडी दे. टॉवेलात गुंडाळ, पण छाती दाबू नकोस. लेंड्या मोज.

मी चारला येते. किती झाल्या ते लिहून फ्रिजवर चिकटवू नकोस. तोंडानं सांग.