दुसरा नमस्कार

मुलुंड, गुरुवार, १७ जानेवारी १९८५

आज देवापुढे दोन जळक्या काड्या सापडल्या, म्हणून लिहिते आहे.

ह्यांच्या थोरल्या बहिणीला, वन्संना, विसर पडू लागल्यापासून घरात शिस्त मीच लावली. डॉक्टरांची रक्तदाबाची गोळी, वैद्यांचं ब्राह्मी तेल, सकाळचं फिरणं, दुपारी शब्दकोडं, संध्याकाळी एकोणतीसाचा पाढा. टाळाटाळ चालत नाही.

दिवेलागणीला देवघरात गेले तर निरांजन तेवत होतं. सणालाच लावतो ती समईसुद्धा. शेजारी त्या दोन काड्या. सून बाहेर गेलेली, घरात आम्ही दोघीच. वन्संना काडेपेटीला हात लावायची बंदी आहे. तडक विचारलं, "दिवे कोणी लावले?"

"तूच की गं, मालू."

"मी आत्ता येतेय!"

"मघाशी दिवा लावून मला नमस्कार केलास. थोड्या वेळानं परत आत गेलीस, परत येऊन वाकलीस. मी दोनदा आशीर्वाद दिला. म्हटलं, आपलंच डोकं फिरलं. बोलले नाही."

"असं याआधीही झालंय?"

"रोज नाही," त्या म्हणाल्या.

रोज नाही!

देवघरात परत आले. काड्या दोनच होत्या. मनातल्या मनात एकोणतीसाचा पाढा सुरू केला. सातावर अडले. बाहेरून वन्सं म्हणाल्या, "दोनशे तीन."

मी मोठ्यानं म्हणत होते का?

सून आल्यावर काडेपेटी तिच्या हातात दिली, कारणासकट. ब्राह्मी तेलाची बाटली वन्संकडे दिली. उद्यापासून आधी माझ्या डोक्यावर.