दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

३ फेब्रुवारी
कॅन्सरच आहे. डाव्या स्तनात. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, मी दोन्ही वेळा "बरं" म्हणाले. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

तिथून सरळ ड्रायव्हिंग शिकवायला गेले. दुपारच्या विद्यार्थिनीने चौकात गाडी तीनदा बंद पाडली आणि मी ओरडले नाही. तीच घाबरली — "मॅडम, बरं नाही का तुम्हाला?"

४ फेब्रुवारी
ताईला सांगितलं. भाजी चिरत होती, चिरतच राहिली. सगळी संपवली, सुरी धुतली, मग म्हणाली, "आत्ता रडू की नंतर?" मी म्हटलं नंतर. तरी लगेच रडली! थोरली बहीण आधी विचारते आणि मग स्वतःचंच खरं करते. माझ्याच घरात राहून मला धाकात ठेवते, पण आज ती नसती तर मी कुणाला सांगितलं असतं?

६ फेब्रुवारी
हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेने मदतीसाठी एक नंबर दिलाय. मी केला नाही फोन.
"कर की गं," ताई मागे लागली.
"मला काय धाड भरलीय?"
"तीच तर भरलीय!"

शेवटी तिनेच लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाईंना अजिबात घाई नव्हती. बराच वेळ ताईच बोलली. मग कळलं, दर बुधवारी हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत यातून गेलेल्या बायका जमतात. नुसतं यायचं, बसायचं. ताईने माझ्या वतीने हो म्हणून टाकलं.

११ फेब्रुवारी
काय करून बसले मी!

दारातच एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "दोघींपैकी पेशंट कोण?" आणि माझ्या तोंडून निघालं — "मी सोबत आलेय." इतकी वर्षं शिकणाऱ्याच्या शेजारी बसतेय. स्टिअरिंग नेहमी दुसऱ्याच्या हातात, माझा पाय फक्त शिकवणाऱ्याच्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर. सवयीने निघालं. छे, सवय कसली. घाबरले होते.

ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. वाटलं, आता सगळ्यांसमोर पाणउतारा. पण तिने रुमाल काढला, डोळे टिपले आणि पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली! मग काय, लाडच लाड. चहा. ऑपरेशननंतर काखेत धरायची छोटी मऊ उशी. "झोप लागत नाही हो," ताई म्हणाली. ते मात्र खरं होतं.

चष्मेवाल्या बाईंनी तिला समजावलं, ऑपरेशन एका बाजूचं असलं तरी दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करायचं नाही. तीन बोटांनी गोल गोल चाचपायचं, काखेपर्यंत. ताई मान डोलवत होती. मी भिंतीशी बसून ऐकलं. हाताला सूज आली तर काय, व्यायाम कोणते, गाडी कधी चालवता येईल — मला विचारायचं होतं ते सगळं ताईने एकेक करून विचारलं. कसं कळतं हिला?

परतताना पोट धरधरून हसलो. "मेले, या वयात सोंगं आणायला लावतेस!"

१२ फेब्रुवारी
ताई उशी काखेत घेऊन झोपलीय. म्हणे, तुझ्यासाठी मऊ करून ठेवते.

१५ फेब्रुवारी
ताई बाथरूममधून बाहेरच येईना. काय चाललंय विचारलं, तर आतून उत्तर — "गृहपाठ! बाईंनी परत विचारलं तर?" शाळेतही अश्शीच होती.

१८ फेब्रुवारी
आज मीच बोलले. "पेशंट मी आहे. ही माझी ताई." दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच सांगितलं.

मग चष्मेवाल्या बाई हसायलाच लागल्या. "आम्हाला शंका आलीच होती. इतकं रडतात ते सोबतचे!" कुणीतरी माझी खुर्ची मध्ये ओढली. आणि मी रडले. परक्या बायकांसमोर, नाक शिंकरत, लाज सोडून. किती हलकं वाटतंय! उगीच एकटीने ओझं वाहत होते.

ताई मात्र येताना गप्प होती. सोंग उतरलं म्हणून रुसलीस का, असं चिडवलंसुद्धा. नुसती हसली. दमली असेल.

३ मार्च
ताईलाही निघाला. मुगाएवढी गाठ, उजव्या बाजूला. अगदी सुरुवातीचा आहे, डॉक्टर म्हणाले, नशीब, वेळेवर हाताला लागली. गृहपाठ करतानाच लागली होती. त्या बुधवारी मला हलकं वाटत होतं म्हणून बोलली नाही, वेडी!

गाडीत बसल्यावर म्हणाली, "बघ, मी काही खोटं बोलले नव्हते."

उद्या बुधवार. दारात विचारतील, पेशंट कोण. सांगेन — दोघी. सोबत कोण विचारलं, तरी दोघी. आणि अजून एक उशी मागून घेईन.