राणी नव्हे, दासी

आई, तू गेल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या अंकात मी लिहिलं होतं की गॅलरीतल्या त्या दिवशी तू माझी पाठ थोपटलीस. ते खोटं आहे. तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. मी नऊ वर्षांची, समोर सोनेरी चौकटीतलं मोठं चित्र, व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका चित्रकाराचं, खाली पाटीवर कुठल्याशा जुन्या राणीचं नाव. शाळेत घालण्याआधी तू घरीच शिकवायचीस, पुस्तकातल्या चित्राखालचं नाव तळहाताने झाकून म्हणायचीस, "चेहरा कुणीही नटवतं. हात बघ." तशी मी बघते आहे, आणि गाइडबाईंना मोठ्याने सांगते, ही राणी नाही, हिचे हात भांडी घासणाऱ्या बाईचे आहेत. लोक हसतात. तू घाईघाईने म्हणतेस, "सॉरी, शी इज ओन्ली अ चाइल्ड." ग्लेन वेव्हर्लीच्या घरी परतताना कारमध्ये पुन्हा, "आपण इथे पाहुणे आहोत. लोकांच्या भिंतीवरच्या चुका काढत फिरू नकोस." मी म्हणाले, "मी तर इथेच जन्मले." "उलट बोलू नकोस."

आता त्याच गॅलरीत मी काँट्रॅक्टवर आहे, म्हणजे लॉकडाऊनमुळे वेरिबीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. त्या चित्रकाराने प्रदर्शनांत मांडलेल्या ऐतिहासिक आणि साहित्यिक विषयांच्या चित्रांची यादी करते आहे. गेल्या आठवड्यात लंडनच्या एका जुन्या प्रदर्शनाची छापील पुस्तिका स्कॅन होऊन आली. तेव्हा चित्राच्या नावाखाली ते ज्या कवितेवर बेतलं तिच्या ओळीही छापत. माप आपल्याच चित्राचं, वर्णनही तेच, आणि नावात स्वच्छ लिहिलंय: दासी. राणीला निसटता यावं म्हणून तिचे कपडे घालून शत्रूच्या हाती गेलेली. मी तीनदा तपासलं, मग चौथ्यांदा. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. राणीचं नाव नंतर कुणीतरी चिकटवलेलं.

झूमवर बॉसला सांगितलं. ती म्हणाली, "गुड स्पॉट! पण लेबलं छापून झाली, आणि ज्यांनी चित्र दिलं त्या कुटुंबाला राणीच आवडते. यादीतही तेच नाव राहू दे, पुढच्या वर्षी बघू, नो वरीज." मग हसतच, "तुझं काँट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय ना?" मी थँक्स म्हटलं. तुझीच मुलगी.

पण यादीवर सही माझी असणार आहे. दुसरीसाठी जीव द्यायला निघालेल्या बाईला त्या दुसरीच्याच नावाने टांगून ठेवायचं, आणि खाली मी सही करायची? नाही करणार. तू म्हणाली असतीस, आधी नोकरी सांभाळ. व्हिसाच्या दिवसांत तू काय काय गिळलंस ते मला आता कळतं. तरीही नाही. रिन्यू केलं नाही तर न करू देत.

हे वहीतच राहील. गॅलरीच्या विश्वस्तांना लिहिलेली ईमेल मात्र ड्राफ्टमध्ये तयार आहे, स्कॅन जोडून. बाबांना मुद्दामच सांगितलं नाही. त्यांनी "राहू दे गं" म्हटलं असतं, तर मी राहू दिलं असतं. विश्वस्तांची मीटिंग गुरुवारी आहे. मी बुधवारी सकाळी पाठवणार आहे.