नाईकच्या नावावरची चोरवाट

१२ जाने., सोम.
श्रद्धाचा फोन. ऑफिसात माझ्या हाताखाली होती, आता तिथला मोठा संगणक, मेनफ्रेम, तीच सांभाळते. "सर, ऑडिटला सिस्टिममध्ये एक जुनं रूटीन, छोटा प्रोग्राम, सापडलंय. चार अक्षरं दिली की कुठलाही प्रोग्राम की-झीरोत जातो, कोणाच्याही मेमरीत लिहितो. त्यात शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव नाईक सरांचं. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण असं कसं केलं हो त्यांनी?"
"बघतो," म्हणालो.
बघायचं काय त्यात? माझंच पोर ते.

१३, मंगळ.
जेवताना मी तीनदा मीठ मागितलं म्हणे. बायकोने, सुधाने, खोदून काढलं.
"प्रत्येक प्रोग्रामला मेमरीत आपली खोली. झीरो नंबरची किल्ली सगळ्या खोल्यांना लागते, ती फक्त सिस्टिमकडे. अडलेलं काम पटकन सोडवता यावं म्हणून मी ती मागच्या दाराने वाटायची सोय केली."
"आणि नाईकभावजी?"
"काढ म्हणून भांडला. मी ऐकेना. शेवटी चार अक्षरं दिल्याशिवाय किल्ली मिळू नये, ही तपासणी त्यानेच घातली; म्हणून शेवटचं नाव त्याचं."
"म्हणजे भिंत तुम्ही फोडलीत, कडी त्यांनी लावली, आणि चोर ते? वा!"

१४, बुध. संक्रांत.
बसने घोडबंदर. किल्ल्यापाशी बसलो, खाडी बघत. आम्ही राहायला आलो तेव्हा पेणकरपाडा कसा मोकळा… असो.
मशीनरूमचा गारठा आठवला. भर मे महिन्यात स्वेटर. मध्येच बंद पडलेल्या प्रोग्रामचा गठ्ठाभर छापील कागद जमिनीवर पसरून नाईक आणि मी. तो आकड्यांवर बोट फिरवायचा, मी तिसरीत शिकलेली जाईच्या फुलाची कविता गुणगुणायचो. "थांब, तुझ्या कवितेचंच कुलूप करतो." JAAI. ती चार अक्षरं.
आज असता तर तिळगूळ देऊन म्हणाला असता, गोड नको बोलूस, खरं बोल.

१५, गुरु.
श्रद्धाला सगळं सांगितलं.
"लिहून द्याल, सर?"
दिलं. दोन ओळींचं पत्र, चार वेळा फाडून.

१७, शनि.
तिचा फोन. रूटीन काढलं, सगळं सुरळीत. हुश्श.
"आणि नाईकचं नाव?"
"सर… ऑडिट कमिटीला वाटतंय, तुम्ही मित्राला वाचवताय. पुरावा मागतायत."
हसूच आलं. मग नाही आलं.

१८, रवि.
माळ्यावर जुन्या लिस्टिंगची, छापून काढलेल्या प्रोग्रामांची, पेटी आहे. तपासणी घालायच्या आधीचा कागद असेल तर त्यावर माझंच नाव.
सुधा स्टूल धरून उभी. "अहो, चढताय की कविता म्हणताय?"
वरचं झाकण उघडलं. वाळवी. खालचे गठ्ठे अजून बघायचेत.