उत्तर येईपर्यंत

प्रिय वावटळ,

आबांनी ठेवलेलं हे नाव तुला अजून शोभतं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. नवी नोकरी, नवं टेबल, समोर दोन-दोन मॉनिटर, सगळं आईनं सांगितलं. पहिला संगणक आपण दोघांनी मिळून जोडला, तेव्हा तू स्क्रू गिळशील म्हणून आबा तुझ्या तोंडाकडे बघत बसले होते. आता तू शिकवायचं नि मी ऐकायचं. पण तुझा बाप अजून कामातून गेलेला नाही.

परवा मोज्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. विणायचं यंत्र तुझ्या वयाचं. त्याला नक्षी सांगणारा जुना संगणक बंद पडला, म्हणून मालकीणबाईंनी नवा आणला. मी त्यावर जुना प्रोग्रॅम चढवला, त्या प्रोग्रॅमपुरतं नव्या सिस्टीमला जुन्या सिस्टीमचं सोंग घ्यायला लावलं, सुरू होतानाच उगाच जागे होणारे प्रोग्रॅम झोपवले. संगणक पळायला लागला. पण यंत्राला हाक मारली की पडद्यावर एकच: यंत्र जोडलेले नाही. वायर बदलली, पोर्ट बदललं, तेच. बाईंचा धीर सुटला. भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. म्हणाल्या, "दादा, मेलेल्याची नाडी किती वेळ बघणार?"

मी हात मागे बांधून नुसता बघत राहिलो. ह्या सवयीचा तुला फार राग यायचा. "जोडलेले नाही" उमटलं, आणि मग, एक श्वास गेल्यावर, यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकला. पुन्हा हाक मारली. पुन्हा तसंच. यंत्र उत्तर देत होतं गं, नवा संगणकच थांबत नव्हता! सेटिंगमध्ये वाट बघायची मुदत होती एक सेकंद. मी दहा केली. यंत्रानं सावकाश ओ दिली आणि सुया खटखट चालू लागल्या. बाईंनी भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. घरी येताना मनात आलं, देवाकडे मागणं मागून आपण तरी उत्तराला कुठे थांबतो?

अर्धांगाच्या झटक्यानंतर आबांची जीभ जड झालीय. रविवारी तू विचारतेस, "आबा, कसे आहात?" मग दोनदा हॅलो, हॅलो, की लगेच, "बाबा, त्यांना कळत नाहीये." गेल्या रविवारी तर म्हणालीस, ह्यापुढे त्यांना फोनच देऊ नका, उगाच त्रास. म्हणून लिहितोय. येत्या रविवारी फोन मी त्यांच्याच हातात देणार आहे. तू विचार, आणि गप्प बस. कारण त्या दिवशी तू फोन ठेवलास, मी पाणी आणायला वळलो, आणि बंद फोन तसाच कानाला धरून ते जड पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी बरा आहे. वावटळ, तू जेवलीस का?"

तुझाच,
बाबा