सदतीस पायऱ्यांची उतरण

४ जुलै

यानिनाला नोकरी लागली! पालिकेत. नव्या कायद्यानं अपंगांसाठी जागा राखल्यात, त्यातली एक. दोन ऑक्टोबरला हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्या नावाला.

विचारलं, काम काय? "आजी, शाळा-दवाखान्यांच्या दारातनं चाकाची खुर्ची जाते का, ते मोजायचं." म्हटलं, आधी स्वतः घराबाहेर कशी पडणार ते मोज.

घरापासून रस्त्यापर्यंत सदतीस पायऱ्या. नात चोवीस वर्षांची झाली, अजून मी तिला चादरीत बांधून पाठीवरनं उतरवते. महिन्यातनं एकदा जमतं. रोज? कंबर आत्ताच नाही म्हणतेय.

९ जुलै

वस्तीची सभा. तादेओ आमचा प्रमुख, उभा राहिला की बसत नाही. "पायऱ्यांवर उतरण बांधू! फाएना लावू!" टाळ्या. फाएना म्हणजे घरटी एक माणूस, फावडं ज्याचं त्याचं, न येणाऱ्याला दंड. या डोंगरावर पाणी असंच चढलं, वीज अशीच.

"एका रविवारात उरकतो," म्हणाला. मी विचारलं, मोजणार कोण? "फोर्तुनाता काकू, सिमेंट ओतायला मोजमाप कशाला?"

१६ जुलै

उरकलं. पायऱ्यांच्या अर्ध्या रुंदीवर सरळ सिमेंट, वरपासून खालपर्यंत. बँड आला. उद्घाटनाचा मान म्हणून दुकानदाराला उतरणीचा धर्मपिता केलं, त्यानं तिच्यावर बाटली फोडली. सगळे नाचले. मी बघत राहिले — ही उतरण आहे की घसरगुंडी?

२१ जुलै

सिमेंट वाळलं. यानिना म्हणाली, "मी नाही बसत." शहाणी आहे. मग खुर्चीत बटाट्याचं पोतं बसवलं, पट्ट्यानं बांधलं, सोडलं.

पोतं थेट खाली, काढेवालीच्या गाड्यात! ती किंचाळली, "म्हातारे, डोकं फिरलं का तुझं?" म्हटलं, बटाटे वेच आणि आभार मान, माणूस नव्हतं त्यात.

तादेओ शेजारीच होता. "जरा जास्त उतार झाला," म्हणाला. जरा!

२४ जुलै

यानिनाला पालिकेनं दिलेल्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय — एक हात चढायला बारा हात वाट. बाराच का? दहा का नाही? पुस्तकवाल्यांना काय, त्यांना सपाटीवर बसून लिहायचं.

विटा रचल्या, लांब फळी टेकवली, यानिनाला तिची खुर्ची स्वतःच वर ढकलायला लावली. एकास सहा — खुर्ची मागे आली, माझ्या पायावर. एकास आठ — चढली, पण जीभ बाहेर. एकास दहा — चढली, गप्प बसून. एकास बारा — चढता चढता मला शिव्या देत होती. म्हणजे बाराच! अंगात दम राहतो, बोलायला सुद्धा.

ज्यानं कुणी शोधलं, त्यानंही कुणालातरी फळीवर बसवलं असणार.

२७ जुलै

दोरीनं मोजलं. पायरी एक वीत. सदतीस वीत, म्हणजे साडेअठरा हात उंची. बारानं गुणून दोनशे बावीस हात वाट. गुणाकार तीनदा केला, तिन्ही वेळा वेगळा आला, मग यानिनाकडून करवला.

पायऱ्यांची जागा आहे पंचेचाळीस हात. उरलेली वाट कुठं ठेवू, डोक्यावर?

२८ जुलै

सुचलं! आमच्या गावाकडं ओझ्याची जनावरं, लामा, डोंगर सरळ कधीच चढत नाहीत. आडवं जातात, वळतात, पुन्हा आडवं. पाच आडव्या वाटा, चार वळणं.

फक्त वळण म्हटलं की कुणाच्यातरी अंगणात शिरणार.

६ ऑगस्ट

सभा. दुसरं वळण साबिनाच्या गिनीपिगांच्या खुराड्यावर येतं. ती उसळली. "माझी जनावरं कुठं जातील?" म्हटलं, सणाला तव्यावर जातात तिथंच जातील, जरा आधी. लोक हसले. ती नाही हसली. "तुझ्या घरावर आलं असतं तर बघितलं असतं, फोर्तुनाता!"

मी फटकन म्हटलं, दिलं असतं! चार वीत जागेसाठी पोरीला डोंगरावर डांबून ठेवतेस?

शेवटी दिली. रडत दिली.

२७ ऑगस्ट

तिसरी फाएना. सरळ उतरण फोडली. तादेओ स्वतःच घण मारत होता, न बोलता. त्याचं असं रूप पहिल्यांदा पाहिलं.

१७ सप्टेंबर

सहावी फाएना. शेवटचं वळण राहिलंय, आमच्या दाराजवळचं. आज दोरी लावली. दोरी माझ्या स्वयंपाकघरात तीन हात आत जाते. चुलीपर्यंत.

पुन्हा लावली. पुन्हा चुलीपर्यंत.

२४ सप्टेंबर

वळण भिंतीच्या अलीकडनंच घेतलं. थोडं आखूड, थोडं चढं. गवंडी म्हणाला, "काकू, दोरी इकडं होती ना?" म्हटलं, तू विटा लाव.

पूर्ण वाट बाराची आहे. एवढंसं वळण कुणाला कळतंय!

२ ऑक्टोबर

गेली. एकटी. मागं वळून पाहिलं सुद्धा नाही, बया.

१९ ऑक्टोबर

रोज विचारते, आज कुणाला पकडलंस? आज एका शाळेची उतरण नामंजूर केली. दारापर्यंत छान, आणि दारात पायरी! मुख्याध्यापक म्हणाला, "बाई, एकच तर पायरी आहे." हिनं त्यालाच खुर्चीत बसायला सांगितलं. बसला नाही. मी पोट धरून हसले.

आजकाल जेवताना बोलते. आधी एवढं बोलायची नाही.

१४ नोव्हेंबर

बातमी! उतरण पास झाली तर कठड्याचे पाइप पालिका देणार. तपासायला माणूस येणार. झाडून काढली, वरपासून खालपर्यंत. शेवटच्या वळणावर जेरेनियमच्या दोन कुंड्या ठेवल्या, जरा नजर फुलांकडं जाईल.

१७ नोव्हेंबर

कागद आला. तांबडा शिक्का. "शेवटचं वळण एकास सात. नामंजूर." खाली सही — यानिना सुल्का.

म्हटलं, आपलंच घर तपासायला तुलाच पाठवलं? "मीच मागून घेतलं." अगं, पण रोज चढतेस ना त्यावरनं! "नाही आजी. रोज तिथं थांबते. कुणी आलं की ढकलतं. साबिनाबाईच, बहुतेक वेळा."

रविवारी फाएना. चूल आजच बाहेर काढली.