तिसऱ्या दिवशी काय सांगावे

मी अभिमन्यू हिंदुराव रणवरे, वय एकोणपन्नास, चिंचोळी एमआयडीसीत टर्नर, राहणार विजापूर रस्ता, सोलापूर. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी दम दिलेला नाही, आणि हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दोन खोल्यांचे घर, बँकेतील ठेव व फंड पत्नी रेश्मा हिला मिळावा. माझ्यामागे सर्व व्यवस्था तिनेच पाहावी.

२. मायक्रोमीटर, व्हर्निअर व हत्यारांची पेटी मुलगी उत्कर्षा हिची. ती आयटीआयला आहे. "पोरीला लेथ कशाला" असे म्हणणाऱ्यांनी त्या पेटीला हात लावू नये.

३. पुढच्या खोलीत अकरा वर्षे रविवारची उपासना होते. ती पुढेही व्हावी; मात्र पाळक चन्नवीर यांनी तेथे उपदेश करू नये. त्यांच्याकडे असलेला माझा स्पीकर परत घ्यावा. त्यांचा आवाज तसाही मोठा आहे.

याचे कारण लिहून ठेवतो. मागच्या वर्षी आई मुक्ताबाई वारली. उतारवयात तिने बाप्तिस्मा घेतला होता, म्हणून तिला ख्रिस्ती दफनभूमीत पुरले. उजनीकाठच्या आमच्या गावी तिसऱ्या दिवशी राख सावडतात. त्या रीतीने भावकी तिसऱ्या दिवशी टेम्पो करून पुन्हा आली. थोरले बंधू उदयसिंह यांनी कबरेपाशी पाळकांना विचारले, "महाराज, तुमच्यात तिसऱ्याला काय असतं?"

चन्नवीर म्हणाले, "आमच्यात तिसऱ्या दिवसाचं काही नसतं. चहा घ्या."

ज्याचा प्रभू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, त्या माणसाचे हे उत्तर! वर प्रार्थनेने कोणाला नोकरी लागली, कोणाचा मुतखडा पडला, हे अर्धा तास सांगितले. घरी आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणतात, "अहो, मेलेला उठला म्हटलं की लोक हसतात. पटेल तेवढंच सांगावं."

हसू द्या. पहिल्यांदा ज्यांनी सांगितले त्यांनाही लोक हसलेच होते. ख्रिस्त उठला नसेल, तर आपण एका भल्या माणसाच्या खुनाची बातमी गावोगाव सांगत फिरतो आहोत. आणि मुतखडा डॉक्टरही पाडतो.

४. मला आईशेजारी पुरावे. तिसऱ्या दिवशी भावकीला बोलवावे. बायका पहाटे कबरेकडे गेल्या आणि कबर रिकामी होती, तो भाग रेश्माने वाचावा. मग एवढेच सांगावे: येशू उठला, म्हणून सासूबाई उठतील, हेही उठतील. माझे गुण सांगत बसू नये. फार नाहीत.

५. एक गोष्ट माझ्याविरुद्धही लिहितो. चन्नवीरांचे उत्तर ऐकून दादाने माझ्याकडे पाहिले होते. माझ्या हातात किटली होती. मी त्याच्या कपात चहा ओतला. वर्षभर पाळकांवर दात खाल्ले, पण माझे तोंड कोणी दाबून धरले नव्हते.

साक्षीबाबत: दादाला या कागदाने काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो. सही करण्याआधी त्याने माझ्याकडून सर्व कलमे वाचून घेतली. चौथे ऐकून पेन खाली ठेवले.

"व्हय रं अभ्या, हे तू मेल्यावर मला सांगणार? आन् मंगळवारी वाचलास तर? आय उठणार का न्हाय, हे मी कुणाला इचारू?"

तेव्हा कागद बाजूला सारून मी त्याला सांगितले. नीट जमले नाही. मध्येच दम लागला. तो हसला. म्हणाला, "लई अवघड हाय बाबा, पटायला." पेन उचलले, सही केली, पण उठला नाही.

"परत सांग," म्हणाला. "आयचं नाव घालून सांग."

वरील सर्व माझे आहे व मला मान्य आहे.

सही: अभिमन्यू हिंदुराव रणवरे

आम्हा दोघांदेखत सही झाली:
१) उदयसिंह हिंदुराव रणवरे, थोरले बंधू
२) सिद्धलिंग विरुपाक्ष बिराजदार, कारखान्यातील सहकारी

सोलापूर, गुरुवार, १२ जून २०२५